नऊशे मीटर

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून नातवाच्या शाळेच्या फाटकापर्यंत बरोबर ९०० मीटर भरतात. मी स्वतः मोजलेत. निवृत्त माणसाकडे मोजण्यासारखं रक्तदाब, साखर आणि दुधाच्या पिशव्या एवढंच उरतं, त्यात ही भर. मुलाने साठीला मनगटी घड्याळ दिलं, ते पावलं मोजतं. खुर्चीतून नुसता उठलो तरी शाबासकी देतं. बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण एवढी शाबासकी तिथे मिळाली नव्हती. तर त्या घड्याळाच्या साक्षीने सांगतो : ९०० मीटर म्हणजे माझ्या चालीने तेरा मिनिटं, नातवाच्या चालीने दहा, आणि वाटेत एखादी कुत्री व्यालेली असेल तर पंचवीस.

मोटारीने हेच अंतर सत्तावीस मिनिटांचं आहे.

कोथरूडबाहेरच्यांना ही थाप वाटेल, म्हणून तपशील देतो. मुलाची गाडी तळघरात असते आणि तिच्यापुढे सी-२०२ ची गाडी असते. सी-२०२ त्या वेळी पूजेत असतात आणि त्यांची किल्ली कोणत्या खुंटीला आहे हे फक्त त्यांच्या मातोश्रींना ठाऊक असतं. मातोश्रींना ऐकू कमी येतं. ही गाडी हलली की आमची निघते. शाळा रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला आणि मध्ये दुभाजक. त्यामुळे गाडी शाळेसमोरून तशीच पुढे जाते, नातू खिडकीतून शाळेला टाटा करतो, पुढच्या सिग्नलला वळसा पडतो आणि मग आपण रांगेत लागतो. रांग कसली, ती मोटारींची जत्राच असते. चारी इंडिकेटर लावले की गाडी अदृश्य होते अशी आपल्याकडे श्रद्धा आहे, तेव्हा निम्म्या गाड्या रस्त्याच्या मधोमध अदृश्य होऊन उभ्या असतात. आतून एक आई उतरते, मागून दप्तर काढते, मग डबा, मग बाटली, मग मूल. मूल खाली उतरल्यावर त्याच्या बुटाची नाडी सुटलेली आहे असा शोध लागतो.

त्यात चौथीपर्यंतच्या मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून सरकारने २०२४ साली आदेश काढला, की त्यांची शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका. हेतू उत्तम. पण तेव्हापासून मुलं, मुलांचे बाप आणि बापांची ऑफिसं या तिघांची आमच्या रस्त्यावर रोज एकाच मुहूर्ताला गाठ पडते. मुलांची झोप आता खरंच पुरी होते. उरलीसुरली ती गाडीत पुरी करतात.

जुलैतल्या एका सकाळी मुलाला ताप होता म्हणून गाडी मी काढली. शाळा साठ पावलांवर दिसत होती आणि आम्ही अकरा मिनिटं एका स्कूलव्हॅनच्या मागे उभे होतो. व्हॅनच्या मागच्या काचेला सहा नाकं चिकटलेली होती. तेवढ्यात आमच्या डाव्या हाताने महापालिकेच्या शाळेचा गणवेश घातलेला एक मुलगा अर्धा पेरू खात पुढे गेला. नातू त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आबा, हा मघाशी आपल्या गेटपाशी होता. तेव्हा अख्खा पेरू होता."

त्या अर्ध्या पेरूने माझी झोप उडवली.

रात्री जेवताना मी विषय काढला. उद्यापासून याला चालत पाठवूया. सुनेने पोळी तव्यावरच ठेवून माझ्याकडे बघितलं. "बाबा, रस्ता बघितलात का? गाड्या किती असतात!"

"कोणाच्या असतात?" मी विचारलं.

"लोकांच्या."

"ते कुठे चाललेले असतात?"

"मुलांना सोडायला," ती म्हणाली, आणि पोळी करपली.

खरं तर संभाषण इथेच थांबवायला हवं होतं. पण मराठी म्हातारा शाळेत चालत जाण्याच्या विषयावर बोलू लागला की त्याला आवरणं अवघड. आमच्या घराण्यात हा आजार पिढीजात आहे. माझे वडील कोकणातले. त्यांची शाळा गावापासून दोन मैल होती, असं मी पहिलीत असताना त्यांनीच सांगितलेलं. मी मॅट्रिकला पोचेपर्यंत ती चार मैलांवर गेली आणि मध्ये एक ओढा आला. माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांना सहा मैल सांगितले, ओढ्याची नदी झाली आणि पलीकडच्या काठावर वाघाचे ठसे उमटले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत ती शाळा बहुधा कर्नाटकात गेली असावी.

मी स्वतःच्या तोंडाने असलं काही सांगत नाही. मी पुरावा असलेली माणसं काढतो. म्हणून मी महर्षी कर्व्यांना काढलं. सातवी-आठवीच्या वयाच्या मुलाएवढे दिसणारे धोंडो केशव मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. पाऊस, रान, सह्याद्रीचा चढ, ११० मैल, सगळं पायी. तिथे पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणाले, आणि परीक्षेला न बसवताच परत धाडलं.

नातवाचा घास हातातच राहिला. "मग त्यांच्या आईने पेरेंट्स ग्रुपवर टाकलं नाही?"

याच कर्व्यांनी पुढे हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी आश्रमाची झोपडी उभारली, १९०० साली. फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपलं की चिखल तुडवत, कधी आश्रमाचं सामान खांद्यावर घेऊन, ते चालत हिंगण्याला जायचे. तिकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. कर्वे रस्त्यावर खाली मोटारी आहेत, नळस्टॉपला मोटारींच्या डोक्यावर उड्डाणपूल आहे, पुलाच्या डोक्यावर २०२२ पासून मेट्रो आहे. रस्त्याचे असे तीन मजले झाले. कर्वे ज्या पद्धतीने जायचे तिची सोय आता चौथ्या मजल्यावर करणार असतील.

"आणि तुमची सायकल सांगा की त्याला," सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा धार होती, पण मी ती कौतुकाची मानली.

पुणं सायकलींचं शहर होतं हे आता 'पुण्यात वाडे होते' अशा चालीवर सांगावं लागतं. सत्तरच्या दशकात सकाळी अकराच्या सुमाराला टिळक रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा. घंट्यांच्या आवाजात शेजारच्याशी बोलता यायचं नाही, तरी सगळे बोलत असायचे. सायकल तासाच्या भाड्याने मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा आणि त्याचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढे असायचं. मी शिकलो तो चोवीस इंची ॲटलसवर. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांड्याच्या खालून उजवा पाय पलीकडे घालून हाफ पायडल. एक हात हँडलला, एक बगल सीटला, अंग एका बाजूला लोंबकळलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सायकल पोराला पळवून नेतेय. थांबायचं कसं हे कोणी शिकवलं नव्हतं. आमचं थांबणं भरत नाट्य मंदिराच्या भिंतीवर अवलंबून असायचं.

पुढे स्वतःची सायकल झाली आणि सायकलीचे भोगही आले. बिल्ला नाही म्हणून पकडणारे वेगळे, दिवा नाही म्हणून पकडणारे वेगळे, डबलसीट दिसलं की दबा धरून बसलेले वेगळे. चेन पडायची ती नेमकी मुलींच्या शाळेसमोर. चाकाला आऊट यायचा, वालट्यूब फाटायची, ब्रेकचं रबर झिजून नुसतं लोखंड रिमला घासायचं, आणि तरी आम्ही शनिवारपेठेचा उतार हात सोडून उतरायचो.

"हात सोडून?" नातवाने विचारलं.

"आणि दात सोडून," सौभाग्यवती म्हणाल्या. "पुढचे दोन खोटे आहेत ना, ते तिथलेच."

अशा रीतीने माझी मोहीम घरातच थंडावली असती. पण सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात मी ती पुन्हा काढली. गणपतीच्या वर्गणीचा वाद दोन तास चालून सगळे दमले होते आणि दमलेली सभा काहीही मंजूर करते. त्यात बी विंगमधल्या एका संगणकवाल्या तरुणाने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून सांगितलं की, जगात याला 'वॉकिंग बस' म्हणतात. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात कल्पना निघाली, १९९८ मध्ये इंग्लंडात सुरू झाली. एक मोठा माणूस पुढे ड्रायव्हर, एक मागे कंडक्टर, मध्ये मुलं. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. बस म्हणायचं, पण बस नसते.

"म्हणजे आपल्या पीएमटीसारखंच," सी-२०२ म्हणाले.

ए-५०१ मधल्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने ॲमस्टलव्हेनला राहून आल्यात. तेव्हापासून सोसायटीतल्या गळक्या नळापासून ते ढेकणांपर्यंत कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे नेदरलँड्सचा तोडगा असतो. तिथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची रस्त्यावर सायकलची रीतसर परीक्षा घेतात, पाऊस असो की बर्फ पोरं सायकलनेच जातात, वगैरे त्यांनी सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, कारण 'त्यांची गोष्टच वेगळी' हे वाक्य सगळ्यांच्या ओठांवर तयार होतं. ते कोणी म्हणायच्या आत काकूंनीच त्याची हवा काढली. म्हणाल्या, जावयाने सांगितलं, तिथेही एके काळी मोटारींचाच सुळसुळाट होता. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर चारशेहून जास्त मुलं मेली. तेव्हा आईबाप रस्त्यावर आले. त्यांच्या चळवळीचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' असं होतं. पुढे १९७३ मध्ये तेल महागलं आणि सरकारलाही ऐकू यायला लागलं. आज दिसतात ते सायकलींचे लाल रस्ते त्यानंतरचे.

सभा थोडा वेळ गप्प झाली. मग सेक्रेटरी म्हणाले की पुण्यातही आहेत सायकल ट्रॅक. हे अगदी खरं आहे. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८०० किलोमीटरहून मोठं जाळं कागदावर आहे. आमच्या भागातल्या तुकड्यावर मी नेहमी जातो. तिथे चहाची एक टपरी आहे, कलिंगडांचा ढीग आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फ्लेक्स आहे आणि तेरा स्कूटर आहेत. फक्त सायकलवाला तिथे आला तर लोक वळून बघतात. त्याच सुमाराला ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या पिवळ्या-केशरी सायकलीही आल्या होत्या. वर्ष-दोन वर्षं त्या जागोजागी दिसल्या, मग फक्त अंग टाकलेल्या दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या. आमच्या लहानपणच्या भाड्याच्या सायकलवाल्याकडे ॲप नव्हतं, पण त्याला आमचे बाप माहीत होते.

मतदान झालं. ठराव मंजूर. कोथरूडमधल्या त्या जवळच्या शाळेत जाणारी सोसायटीतली मुलं मोजली तर ती अवघी अकरा निघाली. वास्तविक शिक्षणहक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलंय. तशी महापालिकेची एक आमच्यापासून चारशे मीटरवर आहे, पेरूवाला तिथलाच. सोसायटीतलं एकही मूल तिकडे जात नाही. उरलेली चाळीस-बेचाळीस पोरं पहाटे अंधारात पिवळ्या बसमध्ये बसून बावधन, बाणेर, थेट हिंजवडीपर्यंत शिकायला जातात. कर्व्यांच्या ११० मैलांशी त्यांचीच काय ती थोडीफार बरोबरी. त्यांना चालायला लावणं म्हणजे वारीच.

वारी शब्द डोक्यात आला आणि दप्तराचा प्रश्न उभा राहिला. रविवारी रद्दीवाला आला तेव्हा मी नातवाचं दप्तर त्याच्या ताणकाट्याला लावलं. पाच किलो चारशे. नातवाला लावता आलं नाही, पण डॉक्टरांकडे तो सव्वीस भरला होता. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको असं केंद्राच्या २०२० च्या धोरणात आहे, म्हणजे हिशेबाने दोन किलो सहाशे. रद्दीवाल्याने तोवर आत डोकावून भाव केला होता. "वह्या-पुस्तकं चौदानं घेतो. डबा भंगारात, वेगळा."

दप्तर उपसलं. वेळापत्रकात सोमवारी नसलेल्या चार वह्या निघाल्या ("पण मागितल्या तर?"), पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या ("एक मित्राला"), गेल्या वर्षीचा नकाशासंग्रह निघाला ("तो छान आहे"), आणि तळाशी तीन दगड निघाले. दगडांबद्दल त्याने काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याही ड्रॉवरमध्ये असे दगड आहेत, फक्त मी त्यांना कागदपत्रं म्हणतो.

पहिल्या दिवशी 'चालती बस' सव्वाआठला सुटायची ठरली. अकरा मुलं आली आणि त्यांच्याबरोबर एकोणीस मोठी माणसं आली. सेक्रेटरींनी नारळ फोडला. निवृत्त कर्नल पिवळी टोपी, पिवळं जाकीट आणि शिट्टी घेऊन ड्रायव्हर झाले, मला तसलीच टोपी देऊन कंडक्टर केलं. दप्तरं जड म्हणून ती सी-२०२ च्या गाडीत भरली आणि गाडी आमच्या मागून पहिल्या गिअरमध्ये निघाली. दिंडीचं सामान ट्रकमधून जातं तसं. तिच्यामागे, कोणाला चालवलं नाही तर असावी म्हणून, आणखी एक गाडी. तिच्यामागे दोन आया स्कूटरवर, व्हिडिओ करायला. ज्या रस्त्यावर एरवी सकाळी अकरा गाड्या जास्तीच्या असायच्या, तिथे आम्ही चार आणि तीस माणसांचं शेपूट जोडलं. मागे तुंबलेल्या एका रिक्षावाल्याने "कुणाची पालखी?" असं विचारलंसुद्धा.

फुटपाथ मी चाळीस वर्षं बघतोय, पण त्यावरून अकरा मुलं न्यायची म्हटल्यावर तो पहिल्यांदा दिसला. फाटकापासून साठ मीटर उत्तम. मग विजेचा डीपी, त्याचं दार उघडं, आत मांजर. त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरायचं, परत चढायचं, तर चढायची पायरी नातवाच्या गुडघ्याएवढी. पुढे झाडाला बांधलेला पार, त्यावर फुटक्या फ्रेममधले देव. तिथे सगळ्या मुलांनी नमस्कार केला, तीन मिनिटं गेली. मग फरश्यांचा एक पट्टा, त्यातली कोणतीही फरशी एका बाजूला दाबली की दुसऱ्या बाजूने पिचकारी उडते. मुलांना हे माहीत होतं. मोठ्यांना नव्हतं. दोन पँटी भिजल्या. आणि मग समोरून फुटपाथवरूनच एक स्कूटरवाला आला, थांबला आणि आम्हालाच हॉर्न द्यायला लागला.

कर्नलांनी शिट्टी मारली. "हा फुटपाथ आहे!"

"माहितीय हो," तो शांतपणे म्हणाला. "पण रस्त्यावर ट्रॅफिक केवढं आहे बघा ना."

त्याच्या मागच्या सीटवर दप्तर लावलेलं एक मूल होतं. कर्नलांनी शिट्टी खिशात घातली.

आम्ही पोचलो. ग्रुपवर फोटो पडले, अंगठे आले, 'पर्यावरण' हा शब्द सतरा वेळा आला. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं नऊ होती. तिसऱ्या दिवशी पाऊस, फक्त चार. चौथ्या दिवशी एकीची पाळी होती पण कामवाली आली नाही, एकाचा परदेशी क्लायंट नेमका सव्वाआठला जागा झाला, सेक्रेटरींना पाठीत उसण भरली. मुलं मात्र अकराची अकरा. माझा आपला समज होता की मुलांना चालण्याची गोडी लावावी लागेल, त्यासाठी मी गोळ्यांचं पाकीटही आणून ठेवलं होतं. ते शेवटी कर्नलांनी आणि मी संपवलं. पोरांना त्या नऊशे मीटरमध्ये जे मिळत होतं त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. डीपीतल्या मांजराला तीन पिल्लं झाली होती, त्यांची नावं ठरायची होती. बेकरीवाला सकाळी खारीचा चुरा फुकट देतो हा शोध तिसरीतल्या एकाने लावला. नातवाच्या तीन दगडांचे सात झाले. गाडीत बसून शाळेत जायचा तेव्हा 'काय केलंस आज?' असं विचारलं की 'काही नाही' म्हणायचा. आता सांगायला इतकं असतं की वरणभात निवतो.

मोठं म्हणावं असं त्यांच्यात एकच, सातवीतली ए-३०३ ची मुलगी. दुसऱ्या आठवड्यात माझा गुडघा सुजला आणि कर्नल लेकीकडे गेले, तेव्हा तिने पिवळी टोपी मागून नेली आणि बस स्वतःच्या ताब्यात घेतली. तिने थांबे बदलले, मांजरापाशी दोन मिनिटांचा अधिकृत थांबा केला आणि रस्ता ओलांडताना हात वर करून गाड्या अशा थांबवायला लागली की वाहतूक हवालदाराने बघत राहावं.

नातवाला त्यातून सायकलीची स्वप्नं पडायला लागली. सायकल विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. आमच्या तळघरात सतरा सायकली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांना एकदम सायकलचा झटका आला होता, त्या वेळच्या. एकवीस गिअरच्या, शॉक ॲब्सॉर्बरच्या, हिमालयात न्याव्यात अशा. त्यांच्यावर आता पायपुसणी वाळत असतात. त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ज्या कंपनीच्या सायकलीने माझे दोन दात घेतले, तिच्यासाठी वाईट वाटावं असं मला कधी वाटलं नव्हतं, पण वाटलं. मुलाची सायकल मी पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने टायर काढून, ट्यूब पाण्यात बुडवून, बुडबुडा शोधला आणि म्हणाला, "काका, पंक्चर नाही हो ही. नुसती वापरलेली नाही." फक्त हवा भरली. पैसे घेतले नाहीत. पण नातवाचे पाय त्या सायकलीवर पोचत नाहीत, आणि हल्लीच्या सायकलींना आडवा दांडा असा विचित्र वाकवलेला असतो की खालून पाय घालून हाफ पायडलसुद्धा मारता येत नाही. मी रात्री तळघरात प्रयत्न करून बघितला. वॉचमनने घरी कळवलं.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो. गुडघा जरा बरा झाल्यावर मला राहवेना. मुलं आठच्या पुढे निघाली की मी पाच मिनिटांनी निघायचो, पन्नास पावलं अंतर ठेवून. लपतछपत. डीपीच्या मागे, पाराच्या मागे, कलिंगडांच्या ढिगाऱ्यामागे. घरी सांगायचो, भाजी आणायला चाललोय. चौथ्या दिवशी शाळेसमोरच्या शहाळेवाल्याच्या गाडीमागे दबा धरला तर तिथे आधीच एक जण वाकून बसलेला. मुलगा. त्याने घरी सांगितलं होतं, नऊची मीटिंग आहे. आम्ही एकमेकांकडे बघतोय तेवढ्यात मागून तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई धापा टाकत आली. तिने ओढणी काढली. सून.

पलीकडे अकरा मुलं रस्ता ओलांडत होती. पिवळी टोपी पुढे, हात वर. दोन मोटारी, एक टेम्पो आणि एक पीएमपीची बस गुमान उभी.

शहाळेवाल्याने कोयता पुसला. "तीन काढू का? चार दिवस झाले, रोज फुकट उभे राहता."

"मुलांना सांगू नका हो," सून म्हणाली. "त्यांना वाटेल, आमचा विश्वास नाही."

"त्यांना काय सांगायचं?" तो म्हणाला. "ती टोपीवाली पोरगी पहिल्या दिवशीच सांगून गेली मला. म्हणाली, काका, आमच्या मागनं आमची माणसं येतात. ती परत जाताना जरा रस्ता ओलांडून द्या त्यांना. त्यांचं सगळं लक्ष आमच्याकडे असतं."

मी तीन मलईवाली सांगितली.